पूर अडवायचं धरण काठोकाठ भरू नका : एक खुलं पत्र

प्रति,
आमच्या गावच्या मातीच्या धरणाची देखभाल ज्यांच्याकडे आहे ते अधिकारी
आणि त्या धरणाच्या सुशोभीकरणाला मंजुरी देणारे सर्व जण

विषय : सांडव्यावर बांधलेली भिंत पावसाळ्यापूर्वी काढून टाकण्याबाबत

स. न. वि. वि.

वाघोडिया तालुक्यातल्या ज्या ओहोळावर हे धरण आहे, त्याच ओहोळाच्या काठी थोडं खाली आमचं गाव आहे. या हिवाळ्यात धरणाच्या सांडव्यावर विटांची भिंत उभी राहिली. कमरेइतकी उंच, वर बसायला गुळगुळीत फरशी. तळाच्या पाइपाच्या तोंडावर लोखंडी झडप बसली, तिला कुलूप लागलं. बांधाच्या माथ्यावर पेव्हर ब्लॉक आले, दोन्ही कडांना रोपं लावली गेली. कारण सांगितलं ते असं की तलाव बारमाही भरलेला दिसेल, रविवारी बडोद्याहून लोक येतील, बोटी चालतील, गावातल्या मुलांना चार पैसे मिळतील.

हे धरण भरून ठेवण्यासाठी बांधलेलंच नाही. ते रिकामं राहावं म्हणून बांधलं आहे. हे मी तोंडी सांगितलं, अर्जात लिहून दिलं, नकाशा काढून दाखवला. अर्जावर पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. पावसाळा तोंडावर आला आहे, म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

माझा जन्म बडोद्याच्या दांडिया बाजारातला. नोकरीची सगळी वर्षं डिप्लोमाच्या मुलांना सॉइल मेकॅनिक्स शिकवण्यात गेली. माती किती ओल धरते, किती दाबली की घट्ट बसते, कुठे झिरपते आणि कुठे वाहून जाते, हाच माझा विषय. सासरची जमीन या गावात आहे, गायकवाडी काळापासून. कपाशी, तूर, थोडी एरंडी. धाकटे दीर आणि जाऊबाई तिथेच राहतात, आणि धरण फुटलं तर पाणी सर्वांत आधी ज्या वस्तीत शिरेल तिच्यात त्यांचं घर आहे. या पत्रामागे माझा स्वार्थ आहे आणि तो मी लपवत नाही.

धरण का बांधलं, ते सासरे सांगायचे. वरच्या माळावर जोराचा पाऊस झाला की ओहोळ तासा-दोन तासांत फुगायचा आणि गावाच्या खालच्या आळीतून आडवा जायचा. मग वरच्या अंगाला मातीचा बांध घातला. मध्ये दाबून बसवलेल्या काळ्या मातीचा गाभा, दोन्ही बाजूंनी मुरमाचं आवरण, पाण्याकडच्या उतारावर दगडी पिचिंग. तळाशी एक पाइप, त्याला मुळात झडप नव्हती. पाऊस जोराचा असला की वरून येणारं पाणी पाइपाच्या ताकदीपेक्षा जास्त असतं, ते बांधामागे साठतं आणि पाइपातून सावकाश निघून जातं. दोन तासांत येणारा लोंढा दीड-दोन दिवसांत उतरतो. गावाला जाणवतो तो फुगलेला ओहोळ, पूर नव्हे. साठा फारच वाढला तर बाजूला सांडवा आहे. एवढंच त्याचं काम, आणि ते त्यानं इतकी वर्षं तक्रारीविना केलं. अशा धरणात पाणी नसतं तेव्हाच ते कामाला तयार असतं. काठोकाठ भरलेल्या रांजणात आणखी एक घागर ओतली तर ती जमिनीवरच जाणार.

थोडा हिशेब मांडते. एक चौरस किलोमीटर जमिनीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी 1 लाख घनमीटर होतं. सगळं वाहून येत नाही, काही जमिनीत मुरतं. पण जमीन आधीच भिजलेली असेल तर मुरणारं पाणी फार कमी. 31 जुलै 2019 ला बडोद्यात चोवीस तासांत साधारण 20 इंच पाऊस झाला होता, म्हणजे 500 मिलिमीटरच्या आसपास. आमचा तालुका बडोद्याला लागूनच आहे. तसा एक दिवस आमच्या माळावर आला तर दर चौरस किलोमीटरमागे 5 लाख घनमीटर पाणी पडेल, आणि आपण आधीच भरून ठेवलेल्या तलावात त्याला जागा नसेल.

आता भिंतीबद्दल. मातीच्या धरणाची पाण्याची कमाल पातळी आणि माथा यांच्यामध्ये मोकळी उंची ठेवलेली असते, तिला आमच्या विषयात फ्रीबोर्ड म्हणतात. ती फुकट गेलेली उंची नव्हे. लाटा, वारा, अंदाजाबाहेरचा पाऊस आणि वर्षानुवर्षं खचत जाणारी माती, या सगळ्यांसाठी ती राखून ठेवलेली असते. सांडव्याचा उंबरा वर नेला की ही उंची तितकीच कमी होते. यापेक्षाही गंभीर गोष्ट म्हणजे सांडव्याची ताकद. उंबऱ्यावरून वाहणाऱ्या पाण्याची जाडी निम्मी केली तर विसर्ग निम्मा होत नाही, तो जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. सांडव्याच्या तोंडाची उंची आपण त्या भिंतीनं मोठ्या प्रमाणात खाल्ली आहे. पाणी माथ्याला लागेपर्यंत त्याला बाहेर पडायला जी वाट होती, तिचा बराचसा भाग बंद झाला.

आणि पाणी माथ्यावरून जाऊ लागलं की मातीचं धरण टिकत नाही. सिमेंटचं किंवा दगडी धरण थोडा वेळ वरून वाहिलं तरी उभं राहू शकतं. मातीच्या बांधाचा खालचा उतार पाणी ओरबाडतं, आधी एक घळ पडते, ती मागे सरकत माथ्यापर्यंत येते, आणि मग तासाभरात काय होतं ते या राज्याला कुणी नव्यानं सांगायची गरज नाही. 11 ऑगस्ट 1979 ला मोरबीच्या वर मच्छू-2 धरण फुटलं. मधला दगडी सांडवा उभा राहिला, दोन्ही बाजूंचे मातीचे बांध वाहून गेले. आलेला पूर धरण आखताना धरलेल्या पुरापेक्षा कितीतरी मोठा होता. खाली काही किलोमीटरवर गाव होतं, इशारा वेळेवर पोचला नाही, हजारो माणसं गेली. माझं आजोळ पुण्याचं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, त्याच्या गोष्टी मी आजीकडून ऐकत मोठी झाले. नदीकाठच्या पेठांमध्ये घरांच्या भिंतींवर पाणी कुठवर आलं होतं ते ती बोटानं दाखवायची. कोकणातलं तिवरे धरण तर अलीकडचं, 2 जुलै 2019 चं. तिथल्या लोकांनी गळतीची तक्रार आधीच केली होती.

आमचं धरण यांच्यापुढे फार लहान आहे, हे मला मान्य आहे. पण त्याच्या खालची वस्तीही बांधाच्या फार जवळ आहे. रात्री बांध गेला तर उठून चपला घालायलाही वेळ मिळणार नाही.

गळतीचा उल्लेख केला, तर आमच्याकडचंही सांगते. एप्रिलमध्ये दीर मला बांधाच्या पायथ्याशी घेऊन गेले. पूर्वी त्या दिवसांत तिथे करडं, वाळलेलं गवत असायचं. आता एका पट्ट्यात लव्हाळा उगवला आहे, हिरवागार, आणि त्याच्या बुंध्याशी चिखल. चिखलात एका ठिकाणी बोटाएवढ्या भोकातून पाणी येत होतं. "वहिनी, हे बघा," म्हणत त्यांनी स्टीलचा पेला त्या धारेखाली धरला, भरला आणि दगडावर ठेवला. आम्ही बांधाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आलो. परत आलो तेव्हा पेल्यातलं वरचं पाणी निवळलं होतं आणि तळाला पिवळसर गाळाचा पातळ थर बसला होता.

मातीचं धरण थोडं झिरपतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. झिरपणारं पाणी स्वच्छ असेल तर त्याचं माप ठेवायचं आणि लक्ष ठेवायचं. पण ते गढूळ असेल तर ते आपल्याबरोबर बांधाची माती घेऊन येत आहे. आत कुठेतरी बोगदा तयार होतो आहे. त्याला पाइपिंग म्हणतात, आणि धरणं फुटण्याच्या मोठ्या कारणांमध्ये ते माथ्यावरून पाणी जाण्याच्या बरोबरीला बसतं. झडप लावण्यापूर्वी हा बांध सलग महिनोन्‌महिने पाण्याला टेकून कधी उभाच नव्हता. आता उभा आहे आणि तो काय सांगतो आहे ते पेल्याच्या तळाशी दिसलं. हे मी त्याच आठवड्यात फोटोसह कळवलं. जागा पाहायला अजून कुणी आलेलं नाही.

रोपांबद्दलही लिहायलाच हवं, कारण त्यांच्याविरुद्ध बोललं की लोकांना वाईट वाटतं. मलाही झाडं प्रिय आहेत. पण मातीच्या बांधावर मोठी झाडं कुठेही वाढू देत नाहीत. मुळं ओल शोधत आत शिरतात. झाड वाळलं की ती कुजतात आणि पाण्याला तयार वाट मिळते. वादळात झाड उन्मळलं तर बांधाचा लचका घेऊन पडतं. शिवाय झुडपांच्या आडोशाला उंदीर, घोरपड, साळिंदर बिळं करतात आणि ती दिसतही नाहीत. आज ही रोपं गुडघ्याएवढी आहेत, मुळासकट काढून गावठाणात किंवा शाळेच्या आवारात लावता येतील. पाच वर्षांनी ते सोपं राहणार नाही.

सांडव्याच्या खालच्या चराची गोष्ट थोडक्यात सांगते. गाड्या लावायला जागा हवी म्हणून तो मुरूम टाकून सपाट केला आहे आणि त्यावर चहा-नाश्त्याच्या दोन टपऱ्या आहेत. सांडव्यातून पाणी निघालंच तर ते आता ओहोळाकडे न जाता बांधाच्या पायथ्याला घासत जाईल. टपरीवाले आमच्याच गावचे आहेत. त्यांना जागा दिली ती आपल्याच परवानगीनं, तेव्हा त्यांना दुसरी जागा देणंही आपल्यावरच आहे.

आपल्या कार्यालयात मला एक उत्तर मिळालं होतं, तोंडी. धरण सुरक्षा कायदा या धरणाला लागू होत नाही. हे खरं आहे. 2021 चा तो केंद्रीय कायदा 15 मीटरहून उंच धरणांसाठी आहे. 10 ते 15 मीटरमधल्या धरणांना तो लांबी, साठा अशा काही अटींवर लागू होतो. आमचा बांध 10 मीटरही भरत नाही. पण म्हणून त्याची पाहणीच करायची नाही असं तो कायदा कुठेही सांगत नाही. मोठ्या धरणांना त्यानं जे बंधनकारक केलं आहे ते साध्या शहाणपणाचं आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी, तिची नोंद, आणीबाणीत काय करायचं याचा लेखी आराखडा. हे सगळं लहान धरणासाठी करायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही. उंचीचा आकडा कागदावर महत्त्वाचा असेल; खाली झोपलेल्या माणसाला बांध आठ मीटरचा होता की सोळा, यानं काय फरक पडतो?

बडोद्याच्या मराठी माणसाला तर मातीच्या धरणाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी आजव्याचा तलाव बांधला, 1892 मध्ये त्याचं पाणी शहरात आलं. त्याचा लांबच लांब मातीचा बांध सव्वाशेहून अधिक वर्षं उभा आहे. माती कमी टिकाऊ असते असं नाही. तिची निगा राखावी लागते, आणि तिच्याकडून ठरल्यापेक्षा जास्त मागायचं नसतं.

गावातले सगळेच माझ्या बाजूनं नाहीत. तलाव भरलेला राहिल्यापासून जवळच्या विहिरींना पाणी वाढलं, हे खरं आहे. आमच्याही विहिरीला वाढलं. रब्बीला एक पाणी जास्त मिळालं तर कुणाला नको आहे? "ताई, पाणी आलंय ते घालवायला कशाला सांगता?" असं एका शेतकऱ्यानं मला विचारलं आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याला पाणी हवं असेल तर त्यासाठी खेत तलावड्या, म्हणजे शेततळी, आहेत, गावतळं खोल करता येईल, ओहोळावर खालच्या अंगाला लहान बंधारे घालता येतील. किंवा पाणी साठवायचंच असेल तर या बांधाची नव्यानं रीतसर रचना करा: सांडवा रुंद करा, माथा उंचवा, पायथ्याला वाळू-खडीचा फिल्टर द्या, आणि मग पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, झडप बंद करा. एकाच धरणानं पूरही अडवायचा आणि जुलैतही भरलेलं राहायचं, हे जमणार नाही. ते जमतं असं शेतकऱ्याला सांगणं ही त्याची फसवणूक आहे.

आणि हा प्रश्न एका गावाचा नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्याच्या विश्वामित्री नदीनं 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्या वर मजल मारली, लष्कराला बोलवावं लागलं, लोकांच्या अंगणातून मगरी पकडाव्या लागल्या. तेव्हा सगळे शहराबद्दल बोलले, आणि बोलायलाच हवं होतं. पण पाणी शहरात तयार होत नाही. ते पावागडच्या बाजूनं, माळांवरून, शेकडो ओहोळांतून येतं आणि पुढे ढाढर नदीमध्ये जाऊन करजण, पादऱ्याच्या गावांना त्रास देतं. वरच्या भागात पाणी अडवणारा प्रत्येक लहान बांध खालच्या कुणाचा तरी ओझ्याचा वाटा उचलत असतो. ते बांध आपण एकेक करून शोभेचे तलाव केले, तर नदीचं पात्र कितीही खोल केलं तरी पुरणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. सांडव्यावरची भिंत 15 जूनच्या आत पूर्ण काढावी, अर्धी नाही. तळाची झडप उघडून तलाव आतापासूनच उतरवायला घ्यावा, पण सावकाश, रोज थोडा थोडा. एकदम उतरवला तर भिजलेला आतला उतार घसरतो, आणि तो धोका आपण ओढवून घेऊ नये. पावसाळाभर झडप उघडी राहावी. तिच्या कुलपाची किल्ली आज कुणाकडे आहे, हे गावात कुणालाही ठाऊक नाही; एक किल्ली ग्रामपंचायतीत असावी आणि ती कुणी, कधी वापरली याची वही असावी. पायथ्याच्या गळतीवर वाळू आणि खडीचा उलटा फिल्टर, म्हणजे पाणी जाऊ देणारा पण माती अडवणारा थर, ताबडतोब घालावा आणि गळती मोजायला व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी V च्या आकाराची खाच असलेली पट्टी, बसवावा. हे दोन दिवसांचं काम आहे, त्याला मोठं टेंडर लागत नाही. नुसती माती टाकून ते भोक बुजवू नये. पाणी दुसरीकडून निघेल. रोपं हलवावीत, सांडव्याचा चर मोकळा करावा. पावसाळ्याआधी मातीच्या धरणांचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी आणि तो अहवाल गुजरातीत, गावच्या फळ्यावर लावावा. बांधावर काही घडलं तर रात्री कुणाला फोन करायचा, वस्तीनं कुठल्या वाटेनं कुठे जायचं, हे लिहून प्रत्येक घरात द्यावं. जाऊबाईंनी शाळेच्या उंचवट्याची जागा सुचवली आहे, ती योग्य आहे.

बोटी आणि फेरफटका यांना माझा विरोध नाही. पावसाळा सरल्यावर, धरणाची फेररचना झाल्यावर, अवश्य करा. मीही नातवंडांना घेऊन येईन.

यातल्या कुठल्याही तांत्रिक मुद्द्यावर आपलं मत वेगळं असेल तर ते लेखी कळवावं, आकडेमोडीसह. सांडव्याचा विसर्ग, पाणलोटाचं क्षेत्र, धरलेला पाऊस हे मूळ रचनेचे आकडे आपल्या दप्तरात असणार. मी ते मागितले आहेत, अजून मिळालेले नाहीत. माझं गणित चुकत असेल तर मला ते ऐकायचं आहे, आणि तसं मी जाहीरपणे मान्य करीन. पाहणीला आपण ज्या दिवशी याल त्या दिवशी मी आणि दीर बांधावर हजर राहू. गळतीची जागा खुणेसाठी चुना टाकून दाखवून ठेवली आहे.

उत्तराची वाट पाहते. ते मला पाठवावं, आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला.

कळावे,

आपली विश्वासू,
मातीच्या धरणांचा अभ्यास करणारी एक निवृत्त शिक्षिका
बडोदा